वर्ध्याचे खानखोजे, मेक्सिकोचा मका आणि आपल्या कणगीतलं बी

मेक्सिको देशाच्या राजधानीजवळ चापिंगो नावाचं मोठं कृषी विद्यापीठ आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथं एका मराठी माणसाच्या पुतळ्याचं अनावरण लोकसभा अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते झालं. तो पुतळा डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा. मूळचे वर्ध्याचे. इंग्रजांविरुद्ध बंदूक घेतलेला क्रांतिकारक आणि मक्याच्या बियाण्यावर उभं आयुष्य घालवलेला शास्त्रज्ञ, हे दोन्ही एकच.

आज जत, आटपाडी, खानापूर, माण, खटावच्या शिवारात मका दिसतो. कुणी दाण्यासाठी करतो, कुणी वैरणीसाठी आफ्रिकन टॉल टाकतो, कुणी मुरघास करतो. हे पीक मूळचं मेक्सिकोचं. ज्या देशात मका जन्मला त्या देशातल्या शेतकऱ्याला मक्याचं बी कसं निवडायचं हे शिकवायला एक वऱ्हाडाकडचा माणूस गेला होता, ही गोष्ट आपल्याकडे फार जणांना माहीत नाही.

वर्धा सोडलं ते बेचाळीस वर्षांसाठी

खानखोजे यांचा जन्म नोव्हेंबर १८८४ चा, वर्ध्याचा. शिक्षण वर्धा आणि नागपूरला झालं. तो काळ लोकमान्य टिळकांचा. शाळेच्या वयातच पोराच्या डोक्यात एकच गोष्ट बसली, ती म्हणजे इंग्रजाला घालवायचं. त्याच काळात दुष्काळही पडत होते. १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९०० या सालांत देशाच्या मोठ्या भागात माणसं आणि जनावरं अन्नाविना मेली. गुलामी आणि भूक या दोन गोष्टी त्या पिढीनं एकत्रच पाहिल्या.

१९०६-०७ च्या सुमारास ते देशाबाहेर पडले. आधी जपान, तिथून अमेरिकेचा पश्चिम किनारा. हातात पैसा नव्हता. मिळेल ते काम करून पोट भरायचं आणि शिकायचं, असा क्रम. कॅलिफोर्नियात त्यांनी लष्करी शिक्षण घेतलं, आणि त्याच्या जोडीला ओरेगॉन व वॉशिंग्टन या राज्यांतल्या कृषी महाविद्यालयांत शेतीशास्त्र शिकले. एका हाताला बंदूक आणि दुसऱ्या हाताला बी, अशी ही जोडी पुढं शेवटपर्यंत राहिली.

गदर आणि इराणचं वाळवंट

अमेरिकेच्या त्या किनाऱ्यावर तेव्हा पंजाबातले हजारो शेतकरी लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांवर मजुरी करत होते. त्यांना आणि विद्यार्थ्यांना एकत्र करून १९१३ मध्ये गदर पक्ष उभा राहिला. सोहनसिंग भकना, लाला हरदयाळ, कर्तारसिंग सराभा या मंडळींत खानखोजे सुरुवातीपासून होते. शस्त्राच्या बाजूचं काम त्यांच्याकडं होतं. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे हेही याच चळवळीतले. पिंगळे हिंदुस्थानात परतले, पकडले गेले आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंगांबरोबर फासावर गेले.

खानखोजे दुसऱ्या वाटेनं निघाले होते. पहिलं महायुद्ध पेटलं होतं. तुर्कस्तानमार्गे इराणात शिरून, तिथल्या टोळ्यांना बरोबर घेऊन बलुचिस्तानच्या बाजूनं इंग्रजांवर चाल करायची, असा बेत होता. लढाया झाल्या, कैद झाली, सुटका झाली. वेष बदलून, भटक्या टोळ्यांत राहून त्यांनी दिवस काढले. युद्ध संपलं, बेत फसला. इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव कायमचं गेलं. सातारा-सांगलीच्या माणसाला भूमिगत म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. पत्री सरकारच्या काळात इथल्या गावोगावच्या घरांनी ते पाहिलंय. फरक एवढाच, की इथल्या भूमिगताला रात्री कुणाच्या तरी वस्तीवर भाकरी मिळायची. खानखोजेंना परत यायला घरच उरलं नव्हतं.

इराणातून जर्मनी, तिथून १९२१ मध्ये मॉस्को, आणि शेवटी १९२४ मध्ये मेक्सिको. अमेरिकेत असताना ओळख झालेले रामोन दे नेग्री मेक्सिकोच्या सरकारात मोठ्या पदावर होते. त्यांच्या ओळखीनं वाट मिळाली. वयाच्या चाळिशीत, नवी भाषा शिकत, खानखोजे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी शाळेत शिकवायला लागले.

जमीन मिळाली, बी कुठाय?

मेक्सिकोतही नुकतीच क्रांती होऊन गेली होती. १९१० ला सुरू झालेल्या त्या उठावात एमिलियानो झपाता नावाच्या शेतकरी पुढाऱ्यानं कसणाऱ्याला जमीन ही मागणी लावून धरली. १९१९ मध्ये झपाताला दग्यानं मारलं. पण मोठ्या जमीनदारांच्या जमिनी तोडून गावाला देण्याचं काम पुढं सुरू झालं.

जमीन हातात आली तरी अडचण संपली नव्हती. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या रानात राबलेल्या माणसाकडं चांगलं बी नव्हतं, औजार नव्हतं, शाळा नव्हती. चापिंगोत शिकणारी पोरं पुढं साहेब होणार होती, गावातला शेतकरी तिथवर पोचत नव्हता. म्हणून खानखोजेंनी १९२० च्या दशकाच्या शेवटी शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा उभ्या करण्याच्या कामात स्वतःला घातलं. या शाळांत वयाची, फीची अट नव्हती. शेतात उभं राहून शिकायचं, रोप बघून शिकायचं. एका शाळेला झपाताचं नाव दिलेलं होतं.

त्या काळात मेक्सिकोत राहणाऱ्या प्रसिद्ध छायाचित्रकार तीना मोदोत्ती यांनी या शाळांचे आणि खानखोजेंच्या मक्याचे फोटो काढले. दिएगो रिव्हेरा हा तिथला जगप्रसिद्ध चित्रकार. सरकारी इमारतीच्या भिंतीवर त्यानं कष्टकऱ्यांच्या जेवणाच्या पंगतीचं चित्र काढलं. त्यात भाकरी वाटणारा जो माणूस आहे त्याला चेहरा खानखोजेंचा दिलाय, असं तिकडं मानतात.

मक्याचं बी स्वतःहून पडत नाही

खानखोजेंच्या कामाचा गाभा समजायला आधी बियाची एक गोष्ट समजून घ्यावी लागते.

रानातली झाडं आपलं बी स्वतः पसरवतात. रुईच्या बोंडातून कापूस उडतो आणि त्याच्याबरोबर बी जातं. आघाडा आणि गोखरू धोतराला, मेंढीच्या लोकरीला चिकटून पुढच्या गावात पोचतात. बाभळीच्या शेंगा शेळ्या-मेंढ्या खातात आणि बी लेंडीतून बाहेर पडतं. म्हणून माणदेशात मेंढरं बसलेल्या जागी बाभळी उगवलेल्या दिसतात. या सगळ्याचा हेतू एकच. बी आईच्या सावलीतून लांब गेलं पाहिजे, नाहीतर सगळी पिलावळ एकाच जागी भांडून मरते.

मक्याला हे जमत नाही. कणीस पिकलं तरी दाणे कणसाला घट्ट धरून असतात, आणि वरून पाचोळ्याचं आवरण. माणसानं तोडलं नाही, सोललं नाही, तर कणीस तसंच जमिनीवर पडतं. त्यातले शेकडो दाणे एकाच जागी उगवायला बघतात आणि एकही धड वाढत नाही. माणूस नसेल तर मका थोड्याच वर्षांत जगावरून नाहीसा होईल.

मग मका आला कुठनं? मेक्सिकोच्या डोंगरउतारावर टिओसिंटे नावाचं एक रानगवत उगवतं. आपल्याकडे वैरणीसाठी हेच मकचारी म्हणून लावतात. पान लांबून मक्यासारखंच दिसतं, पण कणीस बोटाएवढं. त्यात पाच ते बारा दाणे, आणि प्रत्येक दाणा दगडासारख्या टणक कवचात. पिकलं की दाणे एकेक करून सुटतात आणि खाली पडतात. जनावरानं खाल्लं तरी काही दाणे शाबूत बाहेर पडतात.

सुमारे ९००० वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या नैर्ऋत्य भागातल्या शेतकऱ्यांनी या गवतातून निवड सुरू केली. ज्या ताटाचे दाणे गळत नाहीत, ज्याचं कवच मऊ, ज्याला दाणे जास्त, त्याचंच बी पुढच्या वर्षी. त्या वेळी ना प्रयोगशाळा होती ना पदवी. पिढीमागून पिढी गेली आणि गवताचा मका झाला. रानाकडून बी माणसाच्या हातात आलं, आणि त्याबरोबर बी जपायची जबाबदारीही माणसावर आली.

खानखोजे मेक्सिकोत काम करत होते तेव्हा टिओसिंटे हा मक्याचा पूर्वज आहे की नाही यावर शास्त्रज्ञांत वाद सुरू होता. अनुवंशशास्त्राच्या तपासणीत तो पूर्वजच असल्याचं नंतर पक्कं झालं. खानखोजेंनी मका आणि टिओसिंटे यांचा संकर करून पाहिला. मक्याच्या नव्या वाणांवर त्यांनी स्पॅनिश भाषेत लिहिलं. ग्रानादा, म्हणजे डाळिंब, असं नाव असलेल्या वेगळ्या घडणीच्या मक्यावर त्यांचं १९३६ चं पुस्तक आहे. गव्हाच्या वाणांवरही त्यांनी काम केलं.

झोपलेलं बी

टिओसिंटेसारख्या रानबियात आणखी एक गुण असतो, तो म्हणजे सुप्तावस्था. बी जिवंत असतं, पाणी मिळतं, तरी ते उगवत नाही. ते थांबतं.

याचं कारण रानात राहणाऱ्याला लगेच कळेल. समजा सगळंच बी वळवाच्या पहिल्या सरीला उगवलं आणि पुढं महिनाभर पाऊस गेला, तर वंश बुडाला. म्हणून रानझाड आपलं बी हप्त्याहप्त्यानं उगवू देतं. काही यंदा, काही पुढच्या वर्षी, काही आणखी पुढं. टाकळ्याच्या बियाचं कवच इतकं टणक असतं की पाणी आत शिरायलाच वेळ लागतो. काही बियांत आतल्या आत उगवण रोखून धरणारं द्रव्य असतं, ते हळूहळू कमी होतं तेव्हा बी जागं होतं. एका वर्षी तण बी धरू दिलं की पुढं कितीतरी वर्षं खुरपणी चुकत नाही, त्याचं कारण हेच. मातीत झोपलेल्या बियांची पेढीच तयार झालेली असते.

पिकाच्या बियाची ही झोप माणसानं काढून घेतली. कारण पेरलं की चार-सहा दिवसांत सगळं एकदम उगवलं पाहिजे, असं आपल्याला हवं असतं. त्याचा तोटाही आपणच भोगतो. काढणीला आलेल्या मक्यावर परतीचा पाऊस बसला की कणसातच मोड येतात. उपट्या भुईमुगाची काढणी लांबली आणि पाऊस आला की शेंगा जमिनीतच उगवतात. पसऱ्या भुईमुगाच्या बियात काही काळाची झोप शिल्लक असते, म्हणून तो तेवढा लवकर उगवत नाही.

उगवणीचा हिशोबही बियागणिक वेगळा. कोरडं बी आधी पाणी पितं, फुगतं, मग आतलं जीवन सुरू होतं आणि सगळ्यात आधी मूळ बाहेर पडतं. मक्याचा दाणा आपल्या वजनाच्या साधारण तीस टक्के पाणी प्याला की मोड धरतो. सोयाबीनला जवळपास पन्नास टक्के लागतं. म्हणून अर्धवट ओलीवर पेरलेलं सोयाबीन फुगतं, पण पुढं ताकद पुरत नाही आणि जमिनीतच कुजतं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय आणि वाफसा आल्याशिवाय सोयाबीन पेरू नका असं कृषी खातं दरवर्षी सांगतं, ते याचसाठी.

बी ढिगातून नाही, ताटावरून निवडायचं

शेतकऱ्यांच्या शाळांत बियाण्याची निवड हा मोठा धडा असतो. मक्याचं बी निवडायचं म्हणजे काय, तर सवय अशी असते की मळणीनंतर ढिगातली मोठी कणसं बाजूला काढायची. पण मोठं कणीस कदाचित उकिरड्याशेजारच्या ताटाला आलेलं असतं. तिथं खत जास्त, गर्दी कमी. त्याचा मोठेपणा जागेचा असतो, रक्ताचा नसतो. म्हणून कणीस उभ्या पिकात निवडायचं. चारी बाजूंना ताटं असूनही जे जोमात आहे, पडलं नाही, रोगानं ग्रासलं नाही, त्याच्या कणसाला खूण करायची.

मक्याचं परागण वाऱ्यावर होतं. शेजारच्या रानातला पराग सहज येतो. म्हणून बी धरायचं तर कडेच्या ओळी सोडून मधलं रान घ्यायचं, आणि दोन-चार कणसांवर न थांबता बऱ्याच ताटांचं बी एकत्र करायचं. थोड्याच कणसांचं बी धरत गेलं तर काही पिढ्यांत पीक खुजं होत जातं.

आजच्या वाचकानं इथं एक फरक लक्षात ठेवावा. दुकानातल्या पिशवीतला संकरित मका पहिल्या पिढीचा असतो. त्याचं बी धरून पेरलं तर पुढचं पीक एकसारखं येत नाही, उंच-बुटकं मिसळतं आणि उतारा घसरतो. बी धरायचं ते सरळ किंवा संमिश्र वाणाचं, गावरान वाणाचं. सोयाबीन, गहू, हरभरा यांचं परागण आपल्याच फुलात होतं, त्यामुळं त्यांचं बी घरी धरता येतं.

बी किती वर्षं टिकतं?

१९३० मध्ये निकोलाय वाविलोव हा रशियन शास्त्रज्ञ मेक्सिकोत आला होता. जगातलं प्रत्येक पीक मूळ कुठं जन्मलं ते शोधायचं आणि तिथून बी गोळा करायचं, हा त्याचा ध्यास. जिथं पीक जन्मलं तिथंच त्याचे सगळ्यात जास्त प्रकार सापडतात, असं त्यानं मांडलं. मक्यासाठी ती जागा म्हणजे मेक्सिको. त्यानं लेनिनग्राडला जगातला सगळ्यात मोठा बियाण्याचा संग्रह उभा केला. पुढं त्याला सरकारनं खोट्या आरोपांवर पकडलं आणि १९४३ मध्ये तो तुरुंगात उपासमारीनं मेला. त्याच काळात जर्मन सैन्यानं लेनिनग्राडला वेढा घातला होता. शहरात अन्न नव्हतं. संग्रहाची राखण करणारे त्याचे सहकारी भात, गहू, मक्याच्या पोत्यांशेजारी भुकेनं मेले, पण बियाला हात लावला नाही. कारण खाल्लेलं बी परत येत नाही.

बी टिकवायला दोन गोष्टी लागतात, कोरडेपणा आणि गारवा. बियातला ओलावा एक टक्क्यानं कमी केला तर आयुष्य साधारण दुप्पट होतं. साठवणीची उष्णता पाच अंशांनी कमी केली तरी तसंच. हा ठोकताळा ज्वारी, गहू, मका, कडधान्य अशा कोरडं चालणाऱ्या बियांना लागू पडतो. आंबा, फणस, जांभूळ यांचं बी मात्र सुकलं की मरतं. ते ताजंच लावावं लागतं.

दिल्लीतल्या राष्ट्रीय जनुक पेढीत बी वाळवून, हवाबंद पाकिटात, उणे १८ अंशांवर ठेवतात. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटावर बर्फाच्या डोंगरात २००८ पासून असंच जागतिक कोठार आहे. निसर्गातही कधी कधी असा योग जुळून येतो. इस्रायलमधल्या मसादा किल्ल्यात सापडलेली खजुराची बी सुमारे २००० वर्षांची होती, ती २००५ मध्ये लावली आणि उगवली. तिथली हवा अतिशय कोरडी, म्हणून ते जमलं.

आपल्या आजीला हे आकडे माहीत नव्हते, पण रीत माहीत होती. बियाची ज्वारीची कणसं आधी वेगळी काढायची, कडक उन्हात वाळवायची, राखेत किंवा कडुलिंबाच्या पाल्यात ठेवायची, कणगीचं तोंड शेणानं लिंपायचं. मक्याची कणसं सालीसकट वेणी घालून चुलीच्या वर वाशाला टांगायची. धुरानं कीड जवळ येत नाही आणि ओलही धरत नाही. मेक्सिकोतल्या शेतकऱ्याच्या घरातही मक्याची कणसं अशीच टांगलेली दिसतात.

मायदेशी

खानखोजेंनी १९३६ मध्ये जीन नावाच्या बेल्जियन बाईंशी लग्न केलं. सावित्री आणि माया या दोन मुली. मुलींची नावं मराठी, बोलणं स्पॅनिश. देश डोक्यातून गेला नव्हता, पण इंग्रज होता तोवर परत येणं म्हणजे तुरुंगात जाणं होतं. स्वातंत्र्य मिळाल्यावरही इंग्रजांच्या काळ्या यादीचा अडथळा आला. ज्या देशासाठी घर सोडलं त्याच देशात यायला परवानगीसाठी खटपट करावी लागली. अखेर १९४९ मध्ये, मध्य प्रांताच्या सरकारचे शेती सल्लागार म्हणून ते आले. तेव्हा वय पासष्टच्या आसपास. वर्धा सोडून चार दशकं उलटून गेली होती. ओळखीची माणसं थोडी उरली होती.

पुढं ते नागपुरात स्थायिक झाले आणि जानेवारी १९६७ मध्ये तिथंच वारले. त्यांचं इंग्रजी चरित्र मुलगी सावित्री साहनी यांनी लिहिलं.

ते गेले त्याच्या आदल्या वर्षी, १९६६ मध्ये, भारतानं मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचं बी जहाजानं आणलं. त्यातून हरितक्रांतीचा गहू पिकला. ते बी नॉर्मन बोरलॉग यांच्या कामातून आलेलं. बोरलॉग यांचं संशोधन केंद्र चापिंगोच्या शेजारीच आहे. ज्या मातीत एका मराठी माणसानं वीस-पंचवीस वर्षं बी निवडायला शिकवलं, तिकडून भारताच्या ताटात पोळी आली. त्या गव्हात खानखोजेंचा वाटा नव्हता. पण तो दिवस पाहायला ते होते, हे खरं.

आपल्या रानात काय?

खानखोजेंच्या आयुष्यातून सातारा-सांगलीच्या शेतकऱ्यानं घ्यायची गोष्ट अगदी साधी आहे. जमीन आपली असली तरी बी दुसऱ्याच्या हातात असेल, तर जूनमध्ये आपण दुसऱ्याच्या दारात उभे असतो.

सांगली जिल्ह्यातच, मिरज तालुक्यात कसबे डिग्रजला कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. फुले संगम हा सोयाबीनचा वाण तिथलाच. त्याच्या केडीएस ७२६ या नावातलं केडी म्हणजे कसबे डिग्रज. महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्यावर काम करणारं केंद्र आहे. फलटण तालुक्यात पाडेगावला उसाचं आहे. म्हणजे बियाचं ज्ञान आपल्यापासून लांब नाही. पहिल्यांदा खात्रीचं बी आणून ते पुढं दोन-तीन वर्षं घरी धरता येतं. कायदाही शेतकऱ्याच्या बाजूनं आहे. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी ठेवायचा, पेरायचा, एकमेकांत द्यायचा आणि विकायचाही हक्क दिलाय. संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावानं विकता येत नाही, एवढंच.

घरचं सोयाबीन बियाला ठेवणार असाल तर मळणी कमी फेऱ्यांवर करावी. या बियाचं साल पातळ, मार लागला की आतला कोंब मोडतो आणि वरून दाणा चांगला दिसतो. ओलावा १२ टक्क्यांपर्यंत खाली आणावा. पोती जमिनीवर, भिंतीला टेकून ठेवू नयेत, लाकडी फळीवर ठेवावीत. थप्पी उंच लावू नये आणि पोती वरून आदळू नयेत.

आणि मृगाच्या आधी पंधरा दिवस उगवण तपासावी. त्याला खर्च काहीच नाही. पोत्यातून वेगवेगळ्या जागचे १०० दाणे घ्यावेत, मोठे निवडून घेऊ नयेत. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडावेत. वर दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करावी, सैल बांधून सावलीत ठेवावी आणि रोज पाणी शिंपडावं. सहा-सात दिवसांनी उघडून धड मोड आलेले दाणे मोजावेत. सोयाबीनचे ७० किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो पुरतं. थोडे कमी भरले तर त्या प्रमाणात बी वाढवावं. फारच कमी असतील तर ते पोतं पेरणीला नेऊ नये. गव्हाला ८५ आणि संकरित मक्याला ९० ही प्रमाणित बियाण्याची पातळी आहे.

गोणपाटाची ही गुंडाळी घरातल्या पोरांकडून करून घ्यावी. शंभर दाणे मांडायला दहा मिनिटं लागतात, आणि दुबार पेरणी टळली तर एकरामागं बियाचे, खताचे, मजुरीचे आणि हंगामाचे दिवस वाचतात.